साकवावरची मंडळी

तळेवाडी, ता. देवगड
२६ फेब्रुवारी २००१

ती. दादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घेण्यात आणि ती तक्त्यावर चढवण्यात दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर. सीतावहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, खालून पाण्याच्या कळश्या आणणं बंद करा, दादाला देवाने दोन हात दिलेत. यंदा काजूला मोहर बरा आहे. आंब्याचं काही खरं नाही, थंडी मधेच गेली.

आज लिहायला बसले ती रागाने, हे आधीच सांगते. काल जनगणनेचे मास्तर आपल्या धाकट्या भावाकडे आले होते. आपला बाबली नेहमीप्रमाणे ओहोळावरच्या साकवावर बसलेला. ठाण्याची कंपनी बंद पडून तो बायको-मुलीला घेऊन गावी आला त्याला गणपतीत दोन वर्षं होतील. सकाळी पेज जेवून साकवाच्या कठड्यावर जाऊन बसतो, दुपारी जेवायला येतो, झोपतो, पुन्हा साकव. तिथे त्याच्यासारखे दहा जण आहेत. कोणी मुंबईहून परत आलेला, कोणी कधीच कुठे न गेलेला. एकही म्हातारा नाही. सगळे तिशी-चाळिशीतले. पत्ते खेळतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बाईच्या टोपलीत काय आहे ते विचारतात.

मास्तरांनी निरोप दिला तसा तो आला आणि खुर्चीवर बसला. मास्तरांनी नाव, वय विचारलं. छत्तीस. काम काय विचारलं तर म्हणाला, शेती आणि बागायत. दादा, गेल्या पावसात भाताच्या तरव्याची एक मूठ त्याने उपटलेली नाही. मग मास्तरांनी बायकोचं, अनुजाचं विचारलं. तर म्हणतो कसा, ती घराकडेच आसता, काय करणा नाय. त्याच वेळी अनुजा खाडीवरून तिसऱ्यांच्या शिंपल्यांची टोपली डोक्यावर घेऊन खळ्यात शिरत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, बोटं शिंपल्यांनी कापलेली. त्या तिसऱ्या मिठबावच्या बाजारात विकून ती संध्याकाळचे तांदूळ आणणार होती. मास्तरांनी तिच्यापुढे लिहिलं, काम न करणारी.

मी मास्तरांशी भांडले. ते सज्जन माणूस, म्हणाले, बाई, घरातला कर्ता सांगेल ते आम्ही लिहायचं. कर्ता! तेवढ्यात कर्त्याने उठून तिसऱ्या धुवायला ठेवलेल्या पाण्याशेजारी तंबाखूची पिचकारी मारली आणि साकवाकडे निघून गेला. अनुजाने ते पाणी ओतलं आणि दुसरं आणायला विहिरीवर गेली. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

तू मनिऑर्डर त्याच्या नावावर पाठवू नकोस. पाठवायचीच तर अनुजाच्या नावावर पाठव. माझं घर त्यांच्या घराला लागून आहे, नवरा गेल्यापासून अंगणवाडीशिवाय मला दुसरा उद्योग नाही, म्हणून मला सगळं दिसतं. तुला दिसत नाही म्हणून तुझं मन मऊ आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच. तो आहे म्हणून एवढं खरमरीत लिहिलं.

तुझी
सुगंधा


भांडुप, मुंबई
१४ मार्च २००१

चि. सुगंधा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, वन्सं पत्र लिहीत नाहीत, विळी मारतात. पाणी आता मीच आणतो, हे तुला कळवायला तिने सांगितलं आहे.

बाबलीबद्दल लिहितेस ते खोटं नाही, पण तू अर्धंच पाहिलं आहेस. कंपनी बंद झाली तेव्हा तो चार महिने रोज गेटवर जाऊन उभा राहायचा. डबा घेऊन जायचा. पुढे एक दिवस मशिनी विकल्या गेल्या आणि तो ज्या लेथवर अकरा वर्षं उभा होता तो लेथ त्याच्यासमोर ट्रकवर चढवला. त्या रात्री तो जेवला नाही. मी स्वतः गोदीच्या वर्कशॉपात फिटर आहे, मला त्याचा अर्थ कळतो. त्याचा हात फार साफ होता. केसाएवढाही फरक पडायचा नाही. असा माणूस चिखलात तरवा उपटेल का, हे तू सांग.

त्याला थोडा वेळ दे. सरकारने आता बेकारांसाठी पुष्कळ योजना काढल्या आहेत, प्रशिक्षण देतात, सामान देतात. मी इथून चौकशी केली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी फॉर्म मिळतो. तू त्याला घेऊन जा आणि तिथे भांडू नकोस.

मनिऑर्डर अनुजाच्या नावावर पाठवली तर त्याला काय वाटेल, याचा विचार कर. आई जाताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेली.

तुझा राग पोचला, मायाही पोचली. दोन्ही असू देत.

तुझा
सहदेवदादा


तळेवाडी
९ नोव्हेंबर २००४

ती. दादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

दिवाळीचं पार्सल मिळालं. जान्हवीला फ्रॉक बरोबर बसला. पोरगी आता सातवीत आहे, अनुजापेक्षा उंच होणार. चिवडा मात्र आमच्यापर्यंत पोचलाच नाही, कारण पार्सल साकवावर फुटलं.

तू मागच्या पत्रात विचारलंस की प्रशिक्षणांचं काय झालं. ऐक. पहिलं मधमाश्यांचं झालं. पाच दिवस कुडाळला, जेवणखाण सरकारचं. येताना पेटी घेऊन आला. माश्या आठ दिवसांत उडून गेल्या, कारण पेटी कोणी झाडाखाली नेऊन ठेवलीच नाही. मग आळंबीचं झालं. मग शेळीपालनाचं, त्यात शेळी मिळाली नाही म्हणून तो रुसून बसला. तिन्ही प्रमाणपत्रं काचेच्या चौकटीत घालून त्याने भिंतीवर लावली आहेत. चौकटींची धूळ अनुजा पुसते. माश्यांची पेटी आता साकवावर आहे. तिच्यावर पत्ते मांडतात.

यावर कडी म्हणजे, ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाची गरज काय म्हणून विचारलं, तर बायकांनी पाण्याची टाकी मागितली आणि साकवावरच्या मंडळींनी साकवाजवळ पत्र्याची शेड आणि सिमेंटचे बाक मागितले. ते सगळे अकरा हजर, आणि आम्ही बायका सहा, कारण बाकीच्या कापणीपूर्वीच्या बेणणीला, तण काढायला, गेलेल्या. शेड मंजूर झाली. गावात कुठली गोष्ट इतक्या लवकर बांधून झालेली मी पाहिली नव्हती. आता ऊन नाही, पाऊस नाही. सरकारने बसणाऱ्यांना बसायला जागा करून दिली. शेडवर पाटी आहे, तिच्यावर बेरोजगार की विश्रांती असा काहीतरी शब्द आहे. मी मान वर करून वाचत नाही.

गेल्या महिन्यात आरोग्य शिबिर झालं. अंगणवाडीतच, म्हणून मी पूर्ण वेळ होते. अकरापैकी सात जणांच्या रक्तात साखर निघाली. बाबलीच्याही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी त्याला कळकळीने सांगितलं की रोज अर्धा तास भरभर चाला, अंगमेहनत करा, औषधाची गरजही पडणार नाही. तो म्हणाला, बाई, गोळी आसली तर द्या. त्याच्यामागे अनुजा उभी होती. तिचं वजन अडतीस किलो भरलं आणि रक्त निम्म्याहून कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी तिला विश्रांती घ्यायला सांगितली. अनुजा माझ्याकडे बघून हसली. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दादा, तो खाटेवर पालथा झोपलेला असतो तेव्हा त्याचे तळवे दिसतात. कोकणात जन्मलेल्या पुरुषाचे तळवे इतके गुळगुळीत मी पाहिले नव्हते. मला शिसारी येते. सख्ख्या भावाची शिसारी येते.

वहिनींना आणि तुला दिवाळीचा नमस्कार. पुढच्या पत्रात त्याची बाजू घेऊ नकोस, लोभ आपोआप टिकेल.

तुझी
सुगंधा


तळेवाडी
१५ एप्रिल २००९

ती. दादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

अनुजाला अपघात झाला. जीवाला धोका नाही. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे, कणकवलीला ऑपरेशन होऊन आत सळी घातली. जान्हवी तिच्यापाशी आहे. मी काल कपडे आणायला परत आले. तुला फोन करायला बूथवर गेले होते, पण एवढं सगळं फोनवर सांगून होणार नव्हतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी रोजगार हमीची नवी योजना आपल्या जिल्ह्यात आली, हे तुला कळवलं होतं. घरटी एक जॉब कार्ड, त्यावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं आणि फोटो. यंदा शिमग्यानंतर वाडीच्या तळ्यातला गाळ काढायचं काम निघालं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गावातच काम. चौतीस बायका पहिल्या दिवसापासून गेल्या. साकवावरचे अकराही फोटो काढायला आले होते. बाबली म्हणाला, मी मशिनीवरचो माणूस, माका हिशेब येता, हजेरी मी मांडतंय. मी मूर्ख. मला वाटलं, दहा वर्षांनी माणूस जागचा उठला. मी त्या दिवशी अंगणवाडीत पोरांना खडीसाखर वाटली.

रोज सकाळी तो हजेरीपट काखेत घेऊन तळ्यावर यायचा, पंधरा मिनिटं सावलीत उभा राहायचा आणि शेडमध्ये परत जायचा. नऊ तारखेला अकरा वाजता तळ्याची वरच्या अंगाची दरड बसली. अनुजा खाली घमेलं भरत होती. बायकांनी हातांनी माती उपसून तिला काढली. कामावरच्या आनंदीच्या नवऱ्याच्या टेम्पोतून आम्ही तिला नेलं. बाबली टेम्पोपर्यंत आला. टेम्पोत जागा नव्हती, म्हणून तो मागे राहिला. असं तो म्हणतो.

कामावर इजा झाली तर औषधपाण्याचा सगळा भार सरकारचा, असा कायदा आहे. मी आज सकाळी कागद घेऊन पंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी हजेरीपट काढला. दादा, त्यात अनुजाचं नावच नाही. नऊ तारखेला नाही, आधीच्या चार आठवड्यांत नाही. तिच्या जागी बाबली, रोज हजर. आनंदीच्या जागी तिचा नवरा नाही, तो टेम्पोवाला कष्टाळू आहे. पण शेडमधल्या बाकीच्या दहाही जणांच्या बायका गायब आणि नवरे हजर. घरात कार्ड एक, पोस्टातलं खातं नवऱ्याचं. गाळ काढला बायकांनी, लिहिले गेले बाप्ये. ग्रामसेवक म्हणाले, कागदावर ही बाई कामावर नव्हतीच, मी कसा पाठवू वरती?

मी तशीच शेडमध्ये गेले. बाबली पत्ते वाटत होता. मी विचारलं, हे काय केलंस? तो म्हणाला, नाव कोणाचाय आसला तरी पैसो घरातच येता मा? हात थांबला नाही त्याचा. पान वाटतच होता. मग हळूच म्हणाला, इचारल्यान तर सांग, विहिरीवर पडली.

मी शेडमागे जाऊन ओकले. हे अलंकारिक लिहीत नाही.

तू काय करायचं ते सांग. नाही सांगितलंस तरी मी काय करणार ते मला ठाऊक आहे.

सुगंधा


भांडुप
२१ एप्रिल २००९

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तुझी वहिनी रडली. अनुजाच्या ऑपरेशनचं सगळं मी बघतो. निवृत्तीचे पैसे आहेत, त्याची चिंता करू नको. तिला सांग, भावजी आहेत.

आता शांतपणे ऐक. जे झालं ते वाईट झालं, पण ते चव्हाट्यावर नेऊ नकोस. खोटी हजेरी म्हणजे गुन्हा आहे. पोलीस येतील. आपल्या बापाने या वाडीत चाळीस वर्षं मान खाली न घालता काढली. जान्हवी कॉलेजात आहे, दोन वर्षांनी तिच्यासाठी स्थळं बघावी लागतील. स्थळवाले काय विचारतील? विहिरीवर पडली म्हटल्याने कुणाचं काय जातं? हाड तर तेवढंच मोडलं आहे.

बाबली दुबळा आहे, दुष्ट नाही. एक तारखेच्या ग्रामसभेत तू गप्प राहा, एवढं माझं ऐक. मोठा भाऊ म्हणून पहिल्यांदाच मागतो आहे.

तुझा
दादा


तळेवाडी
४ मे २००९

ती. दादास,
सुगंधाचा नमस्कार.

तुझं पत्र मी अनुजाला वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली. आजवर मला एका भावाचा वीट होता, आता दोघांचा आहे. बाबली कुठे काम करतो? आणि तू कुठे बोलतोस? तूही तिला विहिरीवरच पाडलंस.

ग्रामसभा झाली. शाळेच्या पडवीत. तालुक्याहून एक साहेब आले होते, कारण मी आधीच अर्ज टाकला होता. साहेबांनी हजेरीपट वाचला आणि बाबलीला विचारलं. तो उभा राहून म्हणाला, ती थंय नव्हतीच, घराकडे पडली. स्वच्छ आवाजात म्हणाला. साहेबांनी मला पुरावा विचारला. माझ्याकडे कागद कुठला?

तेवढ्यात रिक्षा आली. जान्हवीने आणि कामावरच्या गोदूबाईने मिळून अनुजाला उतरवलं. दवाखान्यातून सोडल्याला तिसरा दिवस, पाय पुढे लांब, तशी ती बाकावर बसली. दादा, लग्न होऊन ती आली त्याला अठरा वर्षं झाली, चारचौघांत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. ती साहेबांना म्हणाली, कागद नाही, पण रांग आहे. रांग लिहून घ्या. गाळाचं घमेलं तळाशी भरून हातोहात वर जायचं, महिनाभर एकीची जागा बदलली नाही. प्रत्येकीला विचारा, घमेलं कुणाकडून घ्यायचीस आणि कुणाकडे द्यायचीस.

पहिली आनंदी उठली. म्हणाली, मी अनुजाकडून घेई, सुभद्राक देई. सुभद्रा उठली. ती म्हणाली, मी आनंदीकडून घेई, गोदूबायक देई. अशा एकामागून एक उठल्या आणि पडवीत रांग उभी राहिली. पडवी पुरली नाही, तेव्हा पायऱ्यांवरून अंगणात उतरली. तेहतीस बायका, आणि टोकाला बाकावर बसलेली अनुजा. कुणीतरी शाळेतलं घमेलं आणलं आणि ते अनुजाच्या हातातून निघून शेवटपर्यंत गेलं. एकीचाही हात चुकला नाही.

मग साहेबांनी शेडमधल्या धोंडूला विचारलं, तुम्ही कुठे होता? तो म्हणाला, मदी. साहेब म्हणाले, कुणाच्या मधे? धोंडूने रांगेकडे पाहिलं. त्याची स्वतःची बायको समोर उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिने डावीकडचीला खेटून पाऊल घेतलं. जागाच नव्हती. लोक हसले. मी हसले नाही. दहा धडधाकट पुरुष एकामागून एक खाली मान घालून बसले, यात मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शेवटी साहेबांनी बाबलीला पुन्हा उभं केलं. तो म्हणाला, मी शेडीत होतंय. ती थंय होती. एवढंच. मी इतके दिवस वाट पाहिली होती की हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणेल आणि माझं मन निवेल. निवलं नाही. एसटी चुकली असं सांगावं तसं त्याने सांगितलं. बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी जबाब लिहून घेतले. औषधपाण्याचा प्रस्ताव वर गेला आहे. हजेरीपट त्याच्याकडून काढला. पोलिसांपर्यंत गेलं नाही, तुझी ती काळजी मिटली. परवा तो बॅग भरून तुझ्याकडे निघाला. तुझ्या हाती आईने त्याचा हात दिला होता ना, आता तो पूर्ण येतो आहे.

वहिनींना नमस्कार सांग. तुझ्यावरचा लोभ सध्या मी बाजूला ठेवला आहे. टाकलेला नाही.

सुगंधा


भांडुप
२ ऑगस्ट २००९

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन महिने तुला पत्र लिहिलं नाही. आधी रागाने, मग शरमेने.

बाबली गॅलरीतल्या खुर्चीत बसतो. सकाळी आठला बसतो. तुझी वहिनी गुडघा धरून त्याच्यासमोर चहा ठेवते. कप तिथेच राहतो, त्यात मुंग्या होतात. जेवला की ताट जिथल्या तिथे. नखं कापली तर ती फरशीवर. परवा वहिनीच्या पायात त्याचं नख रुतलं. मी बोललो तर म्हणाला, बरा दादा, आणि टीव्हीकडे वळला. मी त्याला एका सोसायटीत वॉचमनची जागा मिळवून दिली. बसण्याचंच काम. चार दिवसांनी सोडलं. का, तर खुर्चीला पाठ नव्हती.

काल मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला तू लिहिलेले त्याचे तळवे आठवले. तेव्हा मला तुझा फार राग आला होता. काल मलाही तीच शिसारी आली. लेथ ट्रकवर चढला हे खरं. त्याच्याबरोबर आणखी दीडशे माणसांचे लेथ चढले, आणि ती माणसं रिक्षा चालवतात, भाजी विकतात, रंगकाम करतात. मी त्याला दर महिन्याला कारण पाठवत राहिलो. तुला गप्प बस म्हणालो ते पत्र जाळून टाक. नको, जाळू नकोस.

मागणं कोणत्या तोंडाने करू? तुझ्या वहिनीला आता हे झेपत नाही. गणपतीच्या गर्दीत त्याला गाडीत बसवून दिला तर अनुजा घरात घेईल का? तू विचार. ती नाही म्हणाली तर मला राग येणार नाही.

तू लोभ बाजूला ठेवला होतास. झटकून पाहा, अजून वापरण्याजोगा असेल.

तुझा
दादा


तळेवाडी
११ ऑगस्ट २००९

ती. भावजींस,
अनुजाचा नमस्कार.

वन्सं म्हणाल्या तूच लिही. मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं आहे, समजून घ्या.

ऑपरेशनाला तुम्ही मदत केलीत, ती मी विसरणार नाही. सरकारकडून मंजूर झालं की परत पाठवीन, नाही म्हणू नका. पाय जमिनीला टेकतो. पाऊस संपला की काम सुरू होईल. ओझं मला उचलता येणार नाही, म्हणून बायकांनी हजेरी माझ्याकडे द्यायची ठरवली आहे. सध्या बसल्या जागी माडाच्या झावळ्यांचे झाप विणते.

त्यांनी यावं. घर त्यांचं आहे. पण चूल मी वेगळी केली आहे. त्यांच्या वाटणीचे तांदूळ वेगळ्या डब्यात आहेत. चूल, टोप, लाकडं सगळं मांडून ठेवलं आहे. मी भांडत नाही. पाय मोडल्यापासून जास्त वेळ उभं राहून रांधणं होत नाही, मी माझं आणि जान्हवीचं करते.

सीताताईंच्या गुडघ्याला जपा. माया असू द्या.

तुमची
अनुजा


तळेवाडी
६ सप्टेंबर २००९

ती. दादास,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

गणपती बरे गेले. बाबली पोचल्याचं तुला फोनवर सांगितलं होतंच. सणाचे दिवस होते तोवर काही कळलं नाही, घरोघरी आरतीला जाऊन तो जेवून यायचा. विसर्जन झालं आणि मंगळवार उजाडला.

सकाळी अनुजा आणि जान्हवी पेज जेवल्या. जान्हवी कॉलेजला गेली. अनुजा पाय लांब करून पडवीत झाप विणत बसली. बाबली पलीकडे बाकावर बसला. दहा वाजता त्याने सांगितलं, जेवूक वाढ. अनुजा म्हणाली, तुमची चूल आत आहे. तो हसला. बारा वाजता पुन्हा म्हणाला. तिने चुडताची पाती फिरवली आणि विणत राहिली. अंगणवाडीला सुट्टी होती, मी माझ्या खिडकीतून बघत होते.

एक वाजता तो माझ्या दारात आला. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं, वास सुटलेला. नुसता उंबऱ्याशी उभा राहिला, आई असताना उभा राहायचा तसा. दादा, आता तुला एक सांगायचं आहे, जे मी इतक्या वर्षांत एकाही पत्रात लिहिलं नाही. तू मनिऑर्डर पाठवायचास म्हणून मी तुला टोचत आले, आणि दर दोन दिवसांनी, अनुजा खाडीवर गेली की मीच त्याला ताट वाढायची. माशाचा मधला तुकडा त्याला. मग हात धुऊन तुला पत्र लिहायची. मला त्याची शिसारी यायची, तिच्यात माझी स्वतःची किती होती ते मी कधी तपासलं नाही.

मी टोपावर झाकण ठेवलं आणि त्याला म्हटलं, माझं जेवण झालं. झालं नव्हतं. त्याने ते ओळखलं. तरी परत गेला.

तीन वाजता त्यांच्या मागच्या दारातून धूर यायला लागला. आधी नुसता धूर, लाकडं ओली घातली असणार. मग टोप आपटल्याचा आवाज, मग त्याची एक शिवी. अनुजाने मान वर केली नाही. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला, माझ्या ओटीपर्यंत. पाणी घालायचं त्याला सुचलं नसेल, किंवा कधी घालायचं ते माहीत नसेल. माझे पाय उठत होते. एक शब्द ओरडून सांगितला असता तरी ती पेज वाचली असती.

मग तो टोप घेऊन मागच्या पायरीवर बसला आणि खरवडून खरवडून खाल्लं. टोप तिथेच सोडून उठला. चार पावलं गेला, परत आला आणि टोपात राख टाकून घासायला बसला. नीट घासता आला नाही. तो सुधारला असं मी तुला लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साकवावरच होता. दुपारी मात्र घरी येऊन त्याने पुन्हा चूल पेटवली.

मी त्या मंगळवारी त्याचं खाणं होईपर्यंत ओटीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होते. काही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसती बसले, दादा. कुणाला इतकी वर्षं ते कसं जमतं, देव जाणे. माझ्या अंगाला घाम फुटला होता.

वहिनींना तेल पाठवते आहे, गुडघ्याला लावा. लोभ झटकून पाहिला, चांगला निघाला.

तुझी
सुगंधा